सोमवारचा फोन आणि उरलेले सहा दिवस

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या बहिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा मॉर्मन चर्चचा मिशनरी म्हणून दोन वर्षांसाठी फिलिपिन्सला गेला आहे. तो फक्त सोमवारी फोन करतो, पगार घेत नाही, एकटा कुठेही जात नाही, आणि आठवडाभर तो नेमके काय करतो हे घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. बहिणीच्या जिवाला घोर लागला आहे आणि तिला धीर देण्यापूर्वी आपल्याला स्वतःला सगळे समजून घ्यायचे आहे. मी पुण्याचा. २००८ ते २०१० या काळात मी फिलिपिन्समध्येच, लुझोन बेटावरच्या लागुना प्रांतात, हीच सेवा केली, आणि परतल्यापासून मिशनवर निघणाऱ्या मुलामुलींच्या तयारीचे वर्ग घेत आलो आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी मुलाच्या बाजूनेही देऊ शकतो आणि मागे राहिलेल्या आयांच्या बाजूनेही.

चर्चचे पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. त्याची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी केली आणि आज त्याचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. लोक 'मॉर्मन' म्हणतात ते 'मॉर्मनचे पुस्तक' या धर्मग्रंथावरून. तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ पासून पूर्ण नावाचा आग्रह धरला, तरी आपण वापरलेलाच शब्द मी इथे वापरतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. जगभर या चर्चचे ८० हजारांहून अधिक मिशनरी सेवा करतात. मुलांची मुदत २४ महिन्यांची आणि मुलींची १८ महिन्यांची असते. मी गेलो तेव्हा मुलांचे किमान वय १९ होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये ते १८ झाले. कुठे जायचे हे मुलाने निवडायचे नसते. तो अर्ज करतो, आणि चर्चच्या अध्यक्षांच्या सहीचे पत्र येते त्यात देश आणि भाषा दोन्ही ठरलेले असतात. त्यामुळे आपल्या भाच्याने फिलिपिन्स निवडला असे बहिणीला वाटत असेल, तर तसे झालेले नाही.

आता सोमवार. बहिणीला दिसतो तो एवढाच दिवस, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. मिशनरीच्या आठवड्यात एक दिवस पूर्वतयारीचा असतो. मुले त्याला 'पी-डे' म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी तो सोमवारी येतो. तो सुट्टीचा दिवस आहे अशी घरच्यांची समजूत होते आणि मग 'सुट्टी असूनही अर्धा तासच बोलला' अशी तक्रार सुरू होते. प्रत्यक्षात आठवड्याचे कपडे धुणे, खोली झाडणे-पुसणे, बाजारहाट, केस कापणे, मिशन अध्यक्षांना, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांना, दर आठवड्याला लिहायचे पत्र आणि घरच्यांशी बोलणे हे सारे त्याच दिवसात बसवायचे असते, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा पांढरा सदरा चढवून, नावाची काळी पट्टी लावून कामाला बाहेर पडायचे असते. लागुनातल्या आमच्या घरी धुलाई यंत्र नव्हते. परातीएवढ्या रुंद प्लास्टिकच्या टबात, उकिडवे बसून, दोघांचे मिळून आठवड्याचे सदरे हाताने घासावे लागत, आणि कॉलरवरचा घामाचा डाग निघेपर्यंत बोटांची सालपटे निघत. त्यातून वेळ उरला तर जवळच्या इतर मिशनऱ्यांबरोबर बास्केटबॉल. फिलिपिन्समध्ये गल्लोगल्ली बास्केटबॉलची फळी असते, तेव्हा त्याला जागा शोधावी लागत नाही.

माझ्या काळी घरी फोन वर्षातून दोनदाच करता येत असे, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी पन्नास आठवडे सायबर कॅफेतला तासाभराचा ईमेल. मी सोमवारी लिहिलेले पत्र आई मंगळवारी सकाळी आमच्या घराजवळच्या कॅफेत जाऊन छापून आणत असे आणि आठवडाभर ते तिच्या पर्समध्ये असे. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी चर्चने नियम बदलला आणि तेव्हापासून मिशनऱ्यांना दर आठवड्याला फोनवर किंवा व्हिडिओवर घरच्यांशी बोलता येते. या बदलाचे मी मनापासून स्वागत केले. त्या आधीच्या शिस्तीत काही गुण होते हे मी नाकारत नाही; पण एकोणीस वर्षांच्या मुलाला आईचा आवाज ऐकू न देणे हा त्यातला गुण नव्हता.

एक जुनी गोष्ट इथेच सांगतो, कारण ती आपल्या गावची आहे. १८५२ साली याच चर्चचा ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईला उतरला आणि तिथून पुण्याला आला. त्याने पुण्यात एक छोटी शाखाही सुरू केली. त्याचे ऐकणारे बहुतेक लष्कराशी संबंधित युरोपीय होते, आणि त्याच दशकात ते काम थांबले. त्या माणसाच्या घरच्यांना त्याच्या पत्रासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागत असणार. पुण्याच्या कॅम्प भागातून जाताना मला अनेकदा त्याची आठवण येते.

मंगळवार ते रविवारचा साचा ठरलेला असतो. सकाळी साडेसहाला उठायचे, व्यायाम, आंघोळ, न्याहारी, मग तासभर एकट्याने धर्मग्रंथांचे वाचन, त्यानंतर जोडीदारासह अभ्यास, आणि परकी भाषा शिकायची असेल तर तिच्यासाठी आणखी वेळ. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे, रात्री नऊ-साडेनऊला परत यायचे आणि साडेदहाला दिवा मालवायचा. २०१७ पासून या वेळापत्रकात प्रत्येक मिशनला स्थानिक हवामान आणि चालीरीतींप्रमाणे थोडे मागेपुढे करण्याची मोकळीक मिळाली, आणि ते बरे झाले, कारण लागुनाच्या मे महिन्यात दुपारी एक ते तीन रस्त्यावर माणूस दिसत नाही. नारळाच्या सावलीत सगळा गाव पडलेला असतो.

खरे काम चारनंतर सुरू होते. तिथे कोणाच्या दाराशी गेले की कडी वाजवत नाहीत. फाटकाबाहेर उभे राहून 'ताओ पो!' अशी हाक द्यायची असते. 'ताओ' म्हणजे माणूस आणि 'पो' हा आदर दाखवणारा शब्द. आपल्याकडे 'आहे का हो कोणी घरात?' असे विचारतात, त्यातला 'हो' जे काम करतो तेच हा 'पो' करतो. अमेरिकन मुलांना 'पो' कुठे घालायचा आणि कुठे नाही हे कळायला महिने लागत; अहो-जाहोत वाढलेल्या मला ते पहिल्याच आठवड्यात साधले. वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, हा तिथला नमस्कार. तोही मला परका वाटला नाही. आपल्या भाच्यालाही हे सोपे जाईल, आणि म्हातारी माणसे त्याच्यावर लवकर जीव लावतील, हे बहिणीला जरूर सांगावे.

जड जाईल ते निराळेच. फिलिपिन्स हा बहुसंख्य कॅथलिक देश आहे. १९६१ मध्ये मॉर्मन मिशनरी तिथे पोहोचले आणि आज तिथे या चर्चचे आठ लाखांहून अधिक सदस्य आहेत. १९८४ पासून मनिलाजवळच्या केसोन सिटीत त्यांचे मंदिर आहे. तरीही दिवसभरात ज्या दहा दारांशी मुलगा उभा राहतो, त्यातल्या आठ दारांशी त्याला गोड हसून 'पुन्हा कधीतरी या' असेच ऐकावे लागते. फिलिपिनो माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो बुधवारी सहाला यायला सांगतो, आणि बुधवारी सहाला दाराला कुलूप असते. दार धाडकन लावून घेतलेले एकवेळ सोसते, पण पावसात पाऊण तास चालत जाऊन गाठलेले ते कुलूप फार लागते. माझ्या वर्गात मी मुलांना पाठ कसा द्यावा याच्या आधी हेच सांगतो की त्या कुलपाचा राग त्या घराविषयी मनात धरू नका. त्या घरातल्या माणसाने तुम्हाला भिडेपोटी होकार दिला होता, आणि ती भीड तुमच्या आईच्या स्वभावातही आहे.

ज्या दारी आत बोलावतात, तिथे पहिला पेच कॉफीचा. घर कितीही गरीब असो, पाहुण्यापुढे पुडीतली कॉफी येते. मॉर्मनांना चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहेत, आणि चहाला नाही म्हणणे म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. मी 'फक्त पाणी चालेल' असे म्हणून बादलीजवळच्या तांब्याकडे बोट दाखवत असे. कोणी तरी मग मायलो, म्हणजे चॉकलेटी पेय, करून देई. शिकवणे त्या कपाच्या भोवतीच होते. प्रार्थना, येशूचा उपदेश, जोसेफ स्मिथ यांची हकिगत, कुटुंब आणि मरणोत्तर जीवनाविषयीची चर्चची शिकवण, आणि नंतर उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा नियमही. २००४ साली निघालेले आणि २०२३ मध्ये सुधारलेले 'प्रीच माय गॉस्पेल' हे त्यांचे मार्गदर्शक पुस्तक. पूर्वीसारखी पाठांतराची सक्ती त्यात नाही. समोरच्याची अडचण काय आहे ते ऐकून बोलावे अशी अपेक्षा आहे. बोलणे पुढे सरकले आणि त्या माणसाला स्वतःला इच्छा असली, तर पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा दिला जातो. त्याआधी दुसरा एक मिशनरी त्याची स्वतंत्र मुलाखत घेतो, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची परवानगी घ्यावी लागते.

आठवड्यात काही तास मदतीच्या कामाचे असतात. भाताची कापणी, कोणाचे छप्पर दुरुस्त करणे, वादळानंतर चिखल उपसणे. हे काम मिशनऱ्याला प्रिय असते, कारण त्यात संध्याकाळी केलेले डोळ्यांना दिसते. एक दिवस आसपासच्या चार-सहा मिशनऱ्यांची बैठक असते. गुरुवारी किंवा शुक्रवारी जोडीने बसून पुढच्या आठवड्याचे नियोजन करायचे असते, आणि त्यात ज्यांना शिकवतो त्या प्रत्येकाचे नाव घेऊन त्याच्यासाठी काय करता येईल असा विचार करायचा असतो. माझ्या वेळी रविवारी रात्री किती पाठ झाले, किती जण प्रार्थनेला आले याचे आकडे वरच्या प्रमुखाला फोनवर सांगावे लागत. नियोजनाला मी मानतो, पण आकड्यांविषयी माझे मत कडक आहे: हिशेबासाठी ते ठीक आहेत, मात्र विशीच्या आतला मुलगा त्या आकड्यांवरून आपल्या श्रद्धेचे मोजमाप करू लागतो, आणि तेव्हा शेजारी कोणी शहाणा माणूस नसला तर त्याचे नुकसान होते. आपल्या भाच्याने सोमवारी 'या आठवड्यात काहीच झाले नाही' असे म्हटले, तर बहुधा तो आकड्यांविषयी बोलत असतो.

रविवारी सभा दोन तासांची असते. २०१९ पूर्वी ती तीन तासांची होती. पाव आणि पाणी यांचा प्रभुभोजनविधी, सदस्यांची भाषणे, मग वर्ग. महिन्याच्या पहिल्या रविवारी सलग दोन वेळचा उपास आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. दुपारी पुन्हा घरोघरी.

आता जोडीदाराविषयी, कारण आपल्या 'एकटा कुठे जाऊ शकत नाही' या वाक्यात मला बहिणीची खरी भीती दिसली. मिशनरी नेहमी दोघे असतात आणि एकमेकांच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात असतात; स्नानगृह सोडले तर हा नियम सुटत नाही. पहारा ठेवण्यासाठी तो नियम आहे असे बाहेरून वाटते. परक्या गावात आजारी पडलेल्या मुलाला रात्री दोन वाजता ट्रायसिकलमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, घालून दवाखान्यात नेणारा कोणी तरी असावा, त्याच्यावर खोटा आळ आला तर साक्षीला दुसरा असावा, आणि मोहाच्या क्षणी त्याला लाज वाटावी असा एक माणूस जवळ असावा, यासाठी तो आहे. जोडीदार निवडता येत नाही. तो मिशन अध्यक्ष ठरवतात, आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात तेव्हा तो बदलू शकतो. नवख्या मुलाला सहा-सहा आठवड्यांची पहिली दोन सत्रे शक्यतो अनुभवी प्रशिक्षकाबरोबर ठेवतात. एकमेकांना नावाने हाक मारायची नसते. 'एल्डर' आणि आडनाव, मुलींना 'सिस्टर' आणि आडनाव.

दोन वर्षांतले माझे सर्वांत कठीण सहा आठवडे एका जोडीदाराबरोबरचे होते. तो पहाटे उठून मोठ्याने गाणी म्हणायचा, भांडी तशीच टाकायचा, आणि माझ्या टागालोग या तिथल्या भाषेतल्या चुका लोकांसमोर सुधारायचा. तिसऱ्या आठवड्यात आम्ही सकाळच्या प्रार्थनेपलीकडे एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि तरीही दिवसाचे बारा तास खांद्याला खांदा लावून रस्ता तुडवत होतो. साप्ताहिक नियोजनाच्या शेवटी जोडीदारांनी एकमेकांविषयी मोकळेपणाने बोलायचे असते. तो भाग आम्ही टाळत आलो होतो. चौथ्या शुक्रवारी वीज गेली, मेणबत्ती लावली, आणि काहीच करता येत नसल्याने तो म्हणाला, 'माझे वडील घर सोडून गेले आहेत, हे मला मागच्या पत्रात कळले.' त्या रात्री मी त्याला आमटी-भात करून घातला. चिंच सिनिगांग नावाच्या तिथल्या आंबट रश्शासाठी मिळतेच. तो आजही माझ्याशी संपर्कात आहे. मुलामुलींना शिकवताना मी हा प्रसंग दरवर्षी सांगतो, कारण त्यांची सगळी तयारी अनोळखी लोकांशी कसे बोलावे याची असते, आणि खरी कसोटी त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसापाशी लागते.

पैशाबद्दल बहिणीची शंका रास्त आहे. मिशनरीला पगार नसतो. खर्च तो स्वतः, त्याचे कुटुंब किंवा चर्चमधले इतर लोक उचलतात. अमेरिकेतील कुटुंबांसाठी ही मासिक रक्कम जुलै २०२० मध्ये ४०० वरून ५०० डॉलर झाली. इतर देशांतल्या मुलांकडून त्या देशाच्या मानाने रक्कम घेतली जाते आणि उरलेला भार सामाईक निधीतून भागतो. १९९० पर्यंत मात्र ज्याच्या नशिबी महागडा देश येई त्याला तितकाच खर्च सोसावा लागे. घरभाडे मिशन भरते, आणि जेवण व प्रवासासाठी महिन्याला ठराविक रक्कम कार्डावर जमा होते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अंडी, सार्डिन माशांचा डबा आणि भात यांवर दिवस निघतात. त्यात काळजीचे कारण नाही.

काळजी कशाची करावी तेही सांगतो. डासांची, कारण तिथे डेंग्यू आहे. मच्छरदाणी वापरतोस का असे थेट विचारावे. कुत्र्यांची, कारण दारोदार फिरणाऱ्याला कुत्रा चावण्याचा संभव असतो आणि रेबीजचा धोका तिथे खरा आहे. ओरखडा असला तरी त्याच दिवशी कळवून लस घ्यायची, लाजायचे नाही. आणि मनाची. तो जेवत नसेल, झोपत नसेल, दोन-तीन सोमवार त्याच त्या शब्दांत उत्तरे देत असेल, तर मिशन अध्यक्षांशी बोलायला त्याला सांगावे. समुपदेशनाची सोय असते. काही मुले मुदतीआधी परत येतात. आमच्या लोकांत त्याविषयी कुजबुज होते आणि मला ती अजिबात मान्य नाही. सात महिने प्रामाणिकपणे सेवा करून आजारी होऊन परतलेल्या मुलाला विमानतळावर घ्यायला मी स्वतः गेलो आहे, आणि जितके हार पूर्ण मुदतवाल्याला घालतो तितकेच त्यालाही घातले.

सोमवारी 'कसा आहेस' असे विचारू नये, कारण 'बरा आहे' एवढेच उत्तर येते. जोडीदार कुठला आहे, त्याच्या घरी कोण कोण आहे, कालच्या रविवारी कोणाच्या घरी जेवलात, कोणता शब्द चुकीचा वापरलास असे विचारले की मुलगा बोलू लागतो. बदल्यांच्या आठवड्यात फोनचा दिवस पुढेमागे होऊ शकतो; त्या सोमवारी फोन आला नाही तर रात्रभर जागू नये. जून ते नोव्हेंबर हा तिथला वादळांचा हंगाम, तेव्हा मिशन कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आत्ताच मागून भिंतीवर लावून ठेवावा.

खाऊ पाठवायचा असेल तर त्याच्या खोलीच्या पत्त्यावर पाठवू नये, कारण पार्सल पोहोचेपर्यंत तो दुसऱ्या गावी बदलून गेलेला असतो. मिशन कार्यालयाच्या पत्त्यावर त्याचे नाव घालून पाठवावे. ओले, तेलकट काही नको. भात तिथे तिन्ही त्रिकाळ असतो, म्हणून मेतकूट पाठवावे, नीट बंद करून, आणि जोडीदारालाही पुरेल एवढे.